आधी तुकडा, मग मार्कर
फुप्फुसाच्या कर्करोगात केमो कोणाला लागू पडेल हे गाठीतल्या जनुकांवरून आधीच कळावे, अशा खुणेची, म्हणजे मार्करची, आस जुनी आहे. सिस्प्लॅटिन हे केमोचे औषध पेशीच्या डीएनएला इजा करते आणि ईआरसीसी-१ हे प्रथिन ती इजा दुरुस्त करायला मदत करते. २००६ साली ७६१ गाठींच्या अभ्यासात दिसले की, शस्त्रक्रियेनंतरच्या सिस्प्लॅटिनचा फायदा हे प्रथिन नसलेल्यांनाच होतो. केमो न घेतलेल्यांत मात्र हेच प्रथिन असलेले अधिक जगले. आयुष्याचा अंदाज आणि औषधाचा अंदाज वेगळे असतात, ते असे. पण २०१३ मध्ये फेरतपासणीत हा निष्कर्ष टिकला नाही. हे प्रथिन रंगवून दाखवणाऱ्या प्रतिपिंडाची नवी खेप जुन्या खेपेसारखे रंगवत नव्हती आणि तपासलेल्या १६ प्रतिपिंडांपैकी एकालाही प्रथिनाचे कामाचे रूप वेगळे ओळखता येईना. घात मोजमापाने केला.

मोजमापाची सुरुवात तुकडा काढला जातो तिथे, म्हणजे आमच्या नांदेड-लातूरलाच होते, हा माझा मुद्दा आहे. सुईने काढलेला तुकडा जेमतेम काही मिलिमीटरचा. तो लगेच दहा टक्के फॉर्मालिनमध्ये पडायला हवा. त्यातून घाईने बाहेर काढला तर नीट मुरत नाही, दिवसचे दिवस पडून राहिला तर आरएनएचे तुकडे होतात. मग मेणाचा ब्लॉक, मग मायक्रोटोमवर तीन-चार मायक्रॉनचे काप. निदानासाठी केलेल्या प्रत्येक जादा रंगचाचणीत तो झिजतो आणि जनुकचाचणीला काही उरतच नाही.

कोणी म्हणेल, इथला रुग्ण आधी चुकून क्षयाची औषधे घेऊन उशिरा पोहोचतो, परवडणारी औषधे मोजकी, मार्कर कशाला? अडचण खरी आहे. पण मुंबईच्या टाटा रुग्णालयाने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेली चाचणी अशाच पुढच्या टप्प्यातल्या रुग्णांवर होती. ईजीएफआर जनुकात बदल असलेल्या ३५० जणांत नुसत्या जेफिटिनिबवर आजार साधारण ८ महिने आवरला, पेमेट्रेक्सेड-कार्बोप्लॅटिनची जोड दिल्यावर १६ महिने. तिन्ही औषधे जेनेरिक मिळतात. हा जनुकातलाच बदल आहे, ईआरसीसी-१ सारखे प्रथिनाचे असणे-नसणे नव्हे. तरी तो शोधायला तुकडा तोच लागतो. ब्लॉक मुंबईला पाठवता येतो, हेही बरोबर. पण इथे बिघडलेला तुकडा तिथे सुधारत नाही. शिवाय मार्करला अर्थ येतो तो रुग्ण पुढे किती जगला हे कळल्यावर. बार्शीच्या ग्रामीण कर्करोग नोंदणीने १९८७ पासून परंडा-भूमच्या गावांतही हे काम केले आहे. म्हणून महागड्या यंत्राच्या मागणीआधी तपासणीच्या फॉर्मवर दोन वेळा लिहिल्या जाव्यात: तुकडा काढल्याची आणि फॉर्मालिनमध्ये टाकल्याची. पहिल्याच कापणीत काही कोरे कापही राखून ठेवावेत.