कागदासाठी लाकडाची पारख

दिवाळीच्या सुमारास अकोल्याच्या आणि अमरावतीच्या बाजारात कापसाच्या गाड्या येऊ लागल्या, म्हणजे पारखी माणसाचे काम सुरू होते. तो गाडीतील चिमूटभर कापूस उचलतो, सरकी बाजूला करतो आणि दोन्ही अंगठ्यांत धरून रुई हळूहळू ओढीत जातो. बोटांत उरलेल्या झुबक्याकडे पाहून तो धाग्याची लांबी अजमावतो. मग किंचित ताण देऊन त्याचे बळ पाहतो आणि मालाचा भाव त्यावर ठरतो. वऱ्हाडातील मुलांना हे दृश्य नवीन नाही. परंतु लाकडाची आणि वेळूचीही अशीच पारख करावी लागते, हे थोड्यांनाच ठाऊक असते. सागाचे लाकूड हातात घेऊन सुतार त्याची घडण पाहतो. कागद करणारा मात्र त्यात कापसाच्या व्यापाऱ्याप्रमाणे तंतूच शोधतो.

कारण कागद म्हणजे तंतूंचा एक अत्यंत पातळ थर होय. पाण्यात भिजवून सुटे केलेले तंतू जाळीवर पसरले, पाणी गाळून गेले आणि थर दाबून वाळवला, की तंतू एकमेकांना घट्ट धरून ठेवतात. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात किंवा जुन्नरला पूर्वी हाताने कागद होत असे तो याच रीतीने. त्यासाठी जुन्या चिंध्या, दोरखंड आणि गोणपाट कुजवून, कुटून त्यांचा लगदा करीत. पुढे छापखाने वाढले, वर्तमानपत्रे निघाली, शाळा वाढल्या, आणि चिंध्या पुरेनाशा झाल्या. तेव्हा युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास लाकडाचा लगदा करण्याच्या रीती निघाल्या व कागदाचा कारखाना रानाच्या आश्रयाने उभा राहू लागला.

एक साधा प्रयोग करून पाहावा. वर्तमानपत्राचा एक तुकडा उभा फाडावा आणि दुसरा आडवा. एका दिशेने तो जवळजवळ सरळ फाटतो. दुसऱ्या दिशेने वेडावाकडा फाटतो. यंत्रावर कागद धावत असताना बहुतेक तंतू धावण्याच्या दिशेने निजतात, म्हणून असे होते. फाटलेल्या कडेकडे भिंगातून पाहिले, तर बारीक केसांसारखी लव दिसते. तेच लाकडाचे तंतू.

हे तंतू किती लांब आहेत हे आधी पाहावे लागते. लाकडाच्या पातळ ढलप्या नायट्रिक आम्लात मंद आचेवर शिजवितात. तंतू सुटे झाले की पाण्यात ढवळून त्यातील एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात आणि शेकडो तंतू एकेक करून मोजतात. वऱ्हाडातील कापसाचा धागा वीस ते तीस मिलिमीटर भरतो. त्याच्यापुढे लाकडाचा तंतू अगदी खुजा! आपल्या रानातील बहुतेक पानझडी झाडांचा तंतू एक मिलिमीटरच्या आतबाहेर असतो. हिमालयातील देवदार-चिडासारख्या सूचिपर्णी वृक्षांचा सुमारे तीन मिलिमीटर, आणि वेळूचा या दोहोंच्या मध्ये, बहुधा दोनच्या पुढे. लांब तंतू अनेक ठिकाणी एकमेकांवरून जातात, म्हणून त्यांचा कागद सहजी फाटत नाही.

पण लांबी हेच सर्वस्व नव्हे. तंतू ही एक नळी असते. तिची भिंत पातळ आणि आतील पोकळी मोठी असेल, तर दाबाखाली ती हवा गेलेल्या सायकलच्या ट्यूबप्रमाणे चपटी होते आणि शेजारच्या तंतूला अंगभर चिकटते. भिंत जाड असेल, तर नळी काठीसारखी ताठच राहते. मग कागद जाड, खरबरीत आणि पोकळ होतो. म्हणून भिंतीची दुप्पट जाडी पोकळीच्या रुंदीशी ताडून पाहतात. हे प्रमाण एकाहून कमी आले, तर तंतू चांगला समजतात. वेळू या परीक्षेत फारसा उजवा ठरत नाही. त्याच्या भिंती जाड असतात. लांबीमुळे ती उणीव बरीचशी भरून निघते.

तिसरी परीक्षा रसायनशाळेत होते. लाकडात तंतूंचे सेल्युलोज असते, तसेच त्यांना चुन्याप्रमाणे जखडून ठेवणारे लिग्निन नावाचे द्रव्यही असते. लाकडाच्या वजनाचा सुमारे चौथा हिस्सा हे लिग्निनच भरते. कॉस्टिक सोड्यासारख्या रसायनात लाकूड शिजवून ते काढून टाकले, तर स्वच्छ व बळकट लगदा मिळतो. पण शंभर किलो कोरड्या लाकडातून चाळीस-पन्नास किलोच हाती लागतो. उलट, लाकूड दगडी चाकावर नुसते दळले, तर नव्वद किलोंहून अधिक लगदा निघतो. मात्र त्यात लिग्निन तसेच राहते. उन्हात पडलेले वर्तमानपत्र दोन-चार दिवसांत पिवळे पडते, याचे कारण हेच. वर्तमानपत्राचे आयुष्य एका दिवसाचे; त्यामुळे हा दोष त्याला फारसा बाधत नाही. वहीला मात्र तो चालत नाही.

आता अमरावती जिल्ह्याच्या उत्तरेस मेळघाटाच्या रानात जावे. तेथे साग आहे, धावडा आहे, सालई आहे आणि डोंगरउतारांवर वेळूची बेटे आहेत. साग कागदासाठी शिजविणे म्हणजे सोन्याच्या कढईत भाकरी भाजणे. तो तुळया-दारांसाठीच तोडला जातो. धावड्याचे लाकूड जड आणि चिवट. बैलगाडीच्या आसाला उत्तम, दळायला मात्र महाग. सालईला पूर्वी कोणी विचारीत नसे. तिचा डिंक धूप म्हणून जळतो, परंतु लाकूड मऊ, फिकट आणि लवकर किडणारे. घरबांधणीत तिला जागा नाही. सुताराने नाकारलेले हेच गुण कागदवाल्याच्या कामी आले. मऊ लाकूड चटकन दळले जाते, आणि फिकट रंगामुळे लगदा फारसा विरंजित करावा लागत नाही.

मेळघाटाच्या डोंगरांपलीकडे, भुसावळ-खंडवा लोहमार्गावर नेपानगर आहे. त्या काळी वऱ्हाड आणि तो मुलूख दोन्ही ‘मध्य प्रांत व वऱ्हाड’ या एकाच प्रांतात होते. १९४७ साली तेथे वर्तमानपत्री कागदाचा कारखाना काढण्यासाठी कंपनी स्थापन झाली. १९४९ मध्ये प्रांत सरकारने तो आपल्याकडे घेतला. तोवर भारतातील वर्तमानपत्रे परदेशी कागदावर छापली जात. युद्धकाळात जहाजे अडली, तेव्हा अनेकांना पाने कमी करावी लागली होती. स्वतंत्र देशाला आपल्या बातम्यांसाठी आपला कागद हवा होता, आणि आसपासच्या रानात सालई विपुल होती. परंतु सालईचा तंतू आखूड. नुसत्या तिच्या लगद्याचा कागद धावत्या छपाईयंत्रावर तुटला असता. म्हणून सालईच्या दळलेल्या लगद्यात वेळूचा शिजविलेला लगदा मिसळण्यात आला. सालईने भर घातली आणि वेळूने बळ दिले. १९५५ साली उत्पादन सुरू झाले. २६ एप्रिल १९५६ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते कारखाना राष्ट्राला अर्पण झाला. त्याची क्षमता वर्षाला ३०,००० टनांची होती, आणि सुमारे पंचवीस वर्षे असा कागद करणारा तो देशातील एकमेव कारखाना होता.

वेळूला वश करणे सोपे नव्हते. त्याची पेरे कठीण, कांडी पोकळ. आत हवा अडकून राहिल्याने रसायन सर्वत्र झिरपत नाही. सालीत वाळूचाच अंश असलेली सिलिका असते; ती यंत्राची पाती बोथट करते. शिवाय वेळूत साठलेल्या पिठूळ द्रव्यामुळे लगदा काळपट होतो. डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत विल्यम रेट या तज्ज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभी अनेक वर्षे यावर काम केले. वेळू आधी चिरडावा, मग सौम्य द्रवात शिजवून पिठूळ भाग काढावा आणि त्यानंतर तीव्र द्रवात लिग्निन काढावे, ही दोन टप्प्यांची रीत त्याने बसविली. १९२५ साली वेळूच्या कागदधंद्याला जकातीचे संरक्षण देणारा कायदाही झाला.

प्रयोगशाळेत उत्तीर्ण झालेला वेळू रानात मात्र निराळी परीक्षा घेतो. वेळूचा कोंब एकाच पावसाळ्यात पूर्ण उंची गाठतो, पण पक्का होण्यास दोन-तीन वर्षे लागतात. म्हणून बेटातील जुनी कांडीच तोडावीत, कोवळी राखावीत, अशी रीत आहे. घाईने बेट साफ केले, तर ते खुरटते. माणवेल जातीचा वेळू काही दशकांनी एकदा फुलतो. फुलला की बी टाकून संबंध बेट मरते. कारखान्याला मात्र दररोज माल हवा असतो. नेपानगरलाही पुढे रानातील माल पुरेना, आणि कारखाना हळूहळू जुन्या रद्दी कागदाच्या लगद्याकडे वळला.

आणि वेळूवर हक्क सांगणारा कारखाना एकटाच नव्हता. बुरुडाची सुपे-टोपल्या, कोरकूंच्या घरांच्या भिंती, शेतकऱ्याची कणगी हे सारे वेळूचेच. येथे एक प्रश्न अडून बसला होता: वेळू झाड आहे की गवत? वनस्पतिशास्त्राप्रमाणे तो गवत. पण १९२७ च्या वनकायद्याने त्याची गणना झाडांत केली होती. झाड म्हटले की ते सरकारचे. सरकार रानेच्या राने कागदाच्या कारखान्यांना ठेक्याने देई, आणि रानात राहणाऱ्याला तोच वेळू विकण्याची मुभा नसे. २००६ च्या वनहक्क कायद्याने वेळूला गौण वनोपजात घातले. तरीही विदर्भाच्या पूर्व टोकाला, गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाला आपला वेळू बाहेर नेण्याचे परवाने स्वतः देण्याचा अधिकार मिळण्यास २०११ साल उजाडावे लागले. ज्या वेळूची पारख इतकी वर्षे इतरांनी केली होती, त्याचा भाव तेथील ग्रामसभा ठरवू लागली.

वऱ्हाडात रानाबाहेरही तंतूंचा एक मोठा साठा आहे. कापूस वेचून झाल्यावर शेतात उभी राहते ती पऱ्हाटी. तिच्या लाकडातील तंतू एक मिलिमीटरच्या आतबाहेर, म्हणजे सालईच्याच पंगतीतला. सालीतील तंतू त्याहून लांब. मुंबईत १९२४ साली स्थापन झालेल्या कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने पऱ्हाटीपासून लगदा आणि दाबफळ्या करून दाखविल्या आहेत. अडचणी निराळ्याच आहेत. आतला भेंड कागदात ठिपके पाडतो. गाडीभर पऱ्हाटीत वजन थोडे आणि पोकळीच जास्त, तेव्हा वाहतूक परवडण्यासाठी तिचे तुकडे शेतातच करावे लागतात. पीक वर्षातून एकदाच निघते. आणि माल बांधावर रचून ठेवला, तर वाळक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून पुढच्या हंगामाची वाट पाहते. म्हणून फाल्गुनात पऱ्हाटी उपटली की शेतकरी ती लवकर हलवितो. थोडी फळ्यांच्या कारखान्यांकडे जाते. बरीचशी गावातील चुलींत जळते.