जुनी नोट : ठेवा कीं भ्रम ?

गेल्या दिवाळीपूर्वीं आमच्या एका स्नेह्यांच्या घरीं माळ्यावरील पेटी उघडली गेली. तींत पणजोबांच्या पोथीच्या रुमालांत दोन रुपये आठ आण्यांची एक नोट निघाली. घरांत आनंदीआनंद झाला. धाकट्या चिरंजीवांनीं मोबाइलवर एक जाहिरात शोधून काढली ; पलीकडच्या गृहस्थानें नोटेचे बारा लाख रुपये देऊं केले. मात्र आधीं नोंदणीची फी, मग कर, मग दलाली, असें करीत पंधरा हजार रुपये त्याच्या पदरीं पडले, आणि तो नाहींसा झाला. इकडे नोट फाटूं नये म्हणून थोरल्यांनीं ती गरम यंत्रांतून प्लॅस्टिकमध्यें कायमची बंद करून आणली होती. पैसे गेले, आणि नोटेची किंमतही गेली. अशी पेटी आमच्या पुष्कळ वाचकांच्या घरीं असेल. म्हणून या विषयाचा थोडा विचार करणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

ही अडीच रुपयांची नोट निघाली कशी ? पहिल्या महायुद्धांत चांदीची टंचाई झाली आणि रुपयाचें नाणें पाडणें कठीण झालें. तेव्हां सरकारनें ३० नोव्हेंबर १९१७ रोजीं एक रुपयाची व पुढें १९१८ च्या आरंभीं दोन रुपये आठ आण्यांची नोट काढली. खर्च परवडेना म्हणून १ जानेवारी १९२६ पासून त्या बंद झाल्या. अडीच रुपयांच्या नोटेवर मुंबई, कलकत्ता, मद्रास, कानपूर, लाहोर, कराची व रंगून यांपैकीं ज्या मंडळाची ती नोट, त्याचें अक्षर असे. संग्राहक आधीं तेंच अक्षर पाहतो. कारण सर्व मंडळांच्या नोटा सारख्याच संख्येनें उरलेल्या नाहींत.

यावरून पहिली गोष्ट ध्यानांत येईल ती ही कीं, किंमत वयाला नसते, दुर्मिळतेला असते. रिझर्व्ह बँकेनें १९३८ सालीं दहा हजार रुपयांची नोट काढली. जानेवारी १९४६ मध्यें पांचशें, हजार व दहा हजारांच्या नोटा रद्द झाल्या. एवढी रक्कम हौसेखातर घरांत कोण ठेवणार ? ज्यांच्यापाशीं होत्या त्यांनीं त्या भरून टाकल्या, आणि म्हणूनच आज ती नोट क्वचित् दृष्टीस पडते. उलट चाळीस-पन्नास वर्षांपूर्वींच्या एक रुपयाच्या साध्या नोटांचीं कोरीं बंडलें अद्यापि बाजारांत मिळतात. त्यांतील एकट्या नोटेस लाख रुपये कोण देईल ?

दुसरी गोष्ट नोटेच्या स्थितीची. घडी, डाग, कोपऱ्याची झीज, बंडल टांचल्याचीं भोकें, या प्रत्येकानें मोल उतरतें. नोट धुवून किंवा इस्त्री करून नवी दिसते खरी ; पण जाणकार तें तेव्हांच ओळखतो. अलीकडे अमेरिकेंतील कांहीं संस्था नोट तपासून तिला ७० पैकीं गुण देतात. त्यामुळें उत्तम नोट व सामान्य नोट यांच्या भावांतील अंतर अधिकच उघड झालें आहे.

तिसरी गोष्ट मागणीची. नोटेमागें इतिहास असला कीं गिऱ्हाईक वाढतें. २ जुलै १९१८ रोजीं लंडनहून मुंबईस येणारी ‘शिराला’ ही बोट जर्मन पाणबुडीनें बुडविली. तिच्यावरील नोटा किनाऱ्यास लागल्या. त्यांतील बहुतेक सरकारनें नष्ट केल्या. वांचलेल्यांपैकीं दहा रुपयांच्या दोन नोटा मे २०२४ मध्यें लंडनच्या लिलांवांत आल्या. त्यांचा अंदाज दोन हजार ते दोन हजार सहाशें पौंडांचा होता. प्रत्यक्षांत प्रत्येकीस त्याच्या दुपटीहून अधिक पैसे आले. १९५९ सालीं आखाती देशांसाठीं व हज यात्रेकरूंसाठीं निघालेल्या वेगळ्या रंगांच्या नोटांनाही अशीच मागणी आहे. ‘७८६’ सारख्या अंकांची हौसही आहे ; परंतु ती लहरीवर चालते, तिच्यावर भरंवसा ठेवूं नये.

आतां व्यवहाराचें सांगतों. विक्रेत्यानें मागितलेली किंमत ही किंमत नव्हे. लिलांवांत कोणीं खरोखर मोजलेली रक्कम हीच किंमत. रिझर्व्ह बँक अशा व्यवहारांत पडत नाहीं आणि त्यांबद्दल कमिशनही घेत नाहीं, असा इशारा तिनें ऑगस्ट २०२१ मध्यें दिला होता. विकणाऱ्याकडूनच जो आधीं पैसे मागेल, तो ठक समजावा. २०१६ सालीं रद्द झालेल्या पांचशें-हजारांच्या नोटा दहांहून अधिक, व अभ्यासासाठीं किंवा संग्रहासाठीं पंचवीसांहून अधिक, बाळगण्यास २०१७ च्या कायद्यानें मनाई आहे. नोटेस गोंद, चिकटपट्टी व ऊन लागूं देऊं नये. आणि ती कोणाची, कोठून आली, याचें टिपण सोबत ठेवावें.

आमच्या स्नेह्यांनीं पोलिसांत तक्रार दिली आहे. पैसे अद्यापि मिळाले नाहींत. मात्र त्या गडबडींत घरच्या आजींनीं सांगितलें कीं, ती नोट त्यांच्या सासऱ्यांनीं मुंबईच्या पहिल्या पगारांतून जपून ठेविली होती. हें इतके दिवस कोणासही ठाऊक नव्हतें, कारण कोणीं विचारलेंच नव्हतें. आतां तें लिहून पोथीच्या रुमालांत ठेवलें आहे. बाजाराचा भाव विचारण्यापूर्वीं घरांतील वडील माणसांना विचारावें, एवढेंच आमचें वाचकांस सांगणें आहे.