दावे आणि वाट

यानाबाहेर पडणारा अंतराळवीर कमरेच्या दोराच्या आधाराने हवे तिथे जात असेल, असे चित्रफितींवरून वाटते. पण दावे गुराला रोखून धरते, चाऱ्याकडे नेत नाही. या दोराचेही तसेच. ३ जून १९६५ रोजी जेमिनी-४ मधून बाहेर पडलेल्या एड व्हाइटच्या हातात वायूच्या झोतावर चालणारी छोटी बंदूक होती. तिच्यातला वायू काही मिनिटांत संपला आणि मग दोरच तेवढा उरला. यानाकडे परतायला तो कामी आला, मनाजोगे फिरायला नाही. कारण दोर ओढतो तो फक्त बांधलेल्या टोकाकडे, आणि ती ओढ शरीराच्या वस्तुमान केंद्रातून गेली नाही तर माणूस सरकता सरकता गिरक्याही घेऊ लागतो. बरे, ओढत जवळ येणे तरी सोपे असावे? समजा, आठ मीटर दोराच्या टोकाशी कोणी सेकंदाला २० सेंटिमीटर, म्हणजे रांगत्या मुलाच्या वेगाने, आडवा सरकतो आहे. दोर ओढून त्याने अंतर दोन मीटरवर आणले, की कोनीय संवेग कायम राहत असल्याने आडवा वेग चौपट होतो आणि दोरावरचा ताण चौसष्ट पट. ही जादा ऊर्जा पुरवतात त्याचेच दंड.

मग दोर सैल सोडावा, असे कोणी म्हणेल. ५ जून १९६६ रोजी जेमिनी-९ए मधून बाहेर आलेल्या यूजीन सर्ननला त्याचे उत्तर मिळाले. हवा-विजेची नाळ सैल होती, पण ताठर. वजनच नसल्याने ती लोंबत नाही, तिच्या मर्जीने वळते. दोन तासांच्या झटापटीत त्याची नाडी १८० च्या घरात गेली, शिरस्त्राणाची काच धुरकटली, काम अर्धवट राहिले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जेमिनी-१२ वर बझ ऑल्ड्रिनने कामे नीट पार पाडली. नाळ त्यालाही होतीच. फरक पडला तो कठड्यांनी, पाय अडकवायच्या जागांनी, पाण्याखालच्या तालमीने आणि कमरेच्या दोन आखूड पट्ट्यांनी. हे पट्टे दोन बाजूंनी ताणले की माणूस जागेवर टिकतो. एकट्या लांब दोराला ते जमत नाही.

तर मग दोर हवाच कशाला? ब्रूस मॅककँडलेस ७ फेब्रुवारी १९८४ रोजी पाठीवरच्या झोतयंत्रावर, दोराशिवाय, शटलपासून सुमारे शंभर मीटर दूर गेला होताच की! खरे आहे, पण यंत्र बिघडले असते तर शटल त्याला आणायला जाऊ शकले असते. चारशे टनांच्या अंतराळ स्थानकाला कुणामागे धावता येत नाही. म्हणून तिथे हातांनी कठडे धरत सरकायचे, कमरेचा दोर फिरकीवर गुंडाळलेला ठेवायचा आणि पाठीवरचे ‘सेफर’ हे छोटे झोतयंत्र दोर सुटला तरच चालवायचे. दोर सैल पडू नये म्हणून फिरकी तो हलकेच आत ओढत राहते. म्हणजे तिथेही ओढ आहेच, फक्त हाताच्या पकडीला पेलेल एवढी.