ई जीवनसत्त्व पेशीपटलात नेमके कुठे बसते?

करडईचे तेल फार दिवस उघडे राहिले की खवट होते. ज्या रासायनिक क्रियेने ते खवट होते, तीच क्रिया जिवंत पेशीच्या पटलातही घडू शकते, कारण त्या पटलातही मेदाम्लेच असतात. फॉस्फोलिपिडच्या रेणूंचे दोन थर, जाडी जेमतेम ५ नॅनोमीटर, आणि त्यांतील अनेक मेदाम्लांत एकाहून अधिक दुहेरी बंध. या बंधांमुळे पटल प्रवाही राहते. पण दोन दुहेरी बंधांच्या मधल्या कार्बनवरचा हायड्रोजन चटकन सुटतो. एखाद्या मुक्त मूलकाने, म्हणजे एकटा इलेक्ट्रॉन असलेल्या अस्थिर रेणूने, तो ओढून घेतला की उरलेल्या मेदाम्लाला ऑक्सिजन चिकटतो, पेरॉक्सिल मूलक तयार होते आणि ते शेजारच्या मेदाम्लाचा हायड्रोजन ओढते. एका मूलकापासून सुरू झालेली ही साखळी कितीतरी रेणू खराब करते.

ई जीवनसत्त्व ही साखळी तोडते, आणि त्याचे बरेचसे सामर्थ्य त्याच्या जागेत आहे. अल्फा-टोकोफेरॉल हे या जीवनसत्त्वाचे शरीरातील मुख्य रूप. त्याच्या रेणूला १६ कार्बन अणूंची तेलात मिसळणारी शेपटी असते. ती पटलाच्या आत मेदाम्लांमध्ये रुतते. हायड्रॉक्सिल गट असलेले डोके वर, पाण्याच्या सीमेजवळ राहते. इथे निसर्गाची योजना थक्क करते. पेरॉक्सिल मूलक ध्रुवीय असल्यामुळे ते पटलाच्या आतून पृष्ठभागाकडे सरकते आणि नेमके त्या डोक्यापाशी पोहोचते. टोकोफेरॉल त्याला आपला हायड्रोजन देऊन शांत करते. द्रावणात मोजले असता ही क्रिया मेदाम्लावरील हल्ल्यापेक्षा हजारो पटींनी वेगवान आहे. म्हणूनच सुमारे हजार मेदरेणूंमागे टोकोफेरॉलचा एखादा रेणूही पुरतो.

हायड्रोजन दिल्यावर टोकोफेरॉल स्वतः मूलक बनते, पण ते सौम्य असते. डोके सीमेवर असल्याने पाण्यातील क जीवनसत्त्व त्याला पुन्हा पूर्ववत करते. अमेरिकी शास्त्रज्ञ अल टॅपल यांनी हा तर्क १९६८ मध्ये मांडला. १९७९ मध्ये पॅकर, स्लेटर आणि विल्सन यांनी ही देवाणघेवाण प्रयोगात प्रत्यक्ष टिपली. मात्र टोकोफेरॉलची जागा सगळीकडे सारखी नसते. न्यूट्रॉनच्या साहाय्याने केलेल्या प्रयोगांत असे दिसले की पटल कोणत्या मेदाम्लांचे आहे, त्यावर डोक्याची खोली ठरते.

१९२२ मध्ये या जीवनसत्त्वाचा शोध लागला तेव्हा पटलाचा विचारही कोणाच्या मनात नव्हता. बर्कली येथे हर्बर्ट इव्हान्स आणि कॅथरिन स्कॉट बिशप डुकराच्या चरबीवर आधारित खाद्य उंदरांना देत होते. माद्यांना गर्भ राहत, पण ते पोटातच मरत. लेट्यूसची पाने आणि पुढे गव्हाचा अंकुर दिल्यावर पिल्ले जन्मू लागली. १९३६ मध्ये गव्हाच्या अंकुराच्या तेलातून अल्फा-टोकोफेरॉल शुद्ध स्वरूपात वेगळे काढले गेले. त्या शोधनिबंधावर इव्हान्स यांच्यासह ऑलिव्हर आणि ग्लॅडिस इमर्सन यांचीही नावे आहेत. तरीही सांगताना बहुधा इव्हान्स यांचेच नाव पुढे येते. बिशप आणि ग्लॅडिस इमर्सन या दोघींना त्यांच्या वाट्याचे श्रेय मिळायलाच हवे.

‘प्रजननाचे जीवनसत्त्व’ ही ओळख मात्र माणसाच्या बाबतीत दिशाभूल करणारी ठरली. माणसात त्याच्या तीव्र कमतरतेचा मोठा फटका मज्जासंस्थेला बसतो. यकृतातील एक प्रथिन अल्फा-टोकोफेरॉल रक्तात पाठवण्यासाठी निवडून घेते. ज्यांच्यात या प्रथिनाचा जनुक सदोष असतो, त्यांचा आहार पुरेसा असला तरी तोल जाऊ लागतो आणि चालणे बिघडते.

कमतरता घातक असली, तरी जास्त गोळ्या घेऊन जास्त संरक्षण मिळेल ही अपेक्षा मात्र चाचण्यांत फोल ठरली. २००० साली प्रसिद्ध झालेल्या ‘होप’ चाचणीत रोज ४०० आंतरराष्ट्रीय एकक (आययू) ई जीवनसत्त्व घेऊनही हृदयविकार कमी झाला नाही. ३५ हजारांहून अधिक पुरुषांच्या ‘सिलेक्ट’ चाचणीत तेवढ्याच मात्रेने प्रोस्टेटच्या कर्करोगाचा धोका १७ टक्क्यांनी वाढल्याचे २०११ मध्ये दिसले. अमेरिकेत प्रौढांसाठी रोजची शिफारस १५ मिलिग्रॅम आहे. करडई किंवा सूर्यफुलाचे तेल, बदाम आणि शेंगदाणे यांतून ई जीवनसत्त्व मिळते. निरोगी माणसाने डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय त्याच्या कॅप्सूल घेऊ नयेत.