सिंक म्हणजे बॅकअप नव्हे

नांदेडची गुरबानी असो वा लातूरचे कीर्तन, म्युझिक प्लेअरमध्ये जपलेले ध्वनिमुद्रण सिंकनंतर गायब झाले, की प्लेअर बिघडला असे वाटते. बहुधा तसे नसते.

सिंक (समक्रमण) म्हणजे प्लेअरमधला संग्रह संगणकावरच्या संग्रहाशी जुळवणे. शाळेत वर्गाची हजेरी कार्यालयातल्या पटाशी जुळवतात; पटावरून कमी झालेले नाव हजेरीतूनही जाते. तसेच संगणकावरच्या संग्रहातून काढलेली गाणी पुढच्या सिंकमध्ये प्लेअरमधूनही जातात. २००१ साली आलेल्या आयपॉडमध्ये दुसऱ्या संगणकाशी आपोआप सिंक केल्यास आधीचा संग्रहच पुसला जाई.

म्हणून स्वयंचलित सिंक बंद ठेवून गाणी स्वतः निवडून भरावीत. दुर्मीळ ध्वनिमुद्रणांचा बॅकअप (सुरक्षित दुसरी प्रत) वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवावा. तीच प्रत खरी राखण करते.