इंडक्शनची शेगडी कुठल्या पॉइंटला लावायची?

आजचा विषय स्वयंपाकघरातला, पण गणित शाळेतलंच आहे. इंडक्शन शेगडी, ओव्हन, किटली यांच्या मागे किंवा खाली एक पट्टी असते. तिच्यावरचा वॅटचा आकडा बघा आणि त्याला २३० ने भागा, कारण आपल्या घरात २३० व्होल्टचा पुरवठा असतो. उत्तर येईल ते अँपिअर. २००० वॅटची शेगडी म्हणजे साधारण ८.७ अँपिअर. आपला छोटा तीन पिनांचा पॉइंट असतो ६ अँपिअरचा, म्हणजे १३८० वॅटपर्यंतचा. म्हणून त्या शेगडीला मोठ्या पिनांचा प्लग दिलेला असतो. तो १६ अँपिअरच्या पॉवर पॉइंटसाठी आहे.

आता लोक काय करतात? बाजारातून कन्व्हर्जन प्लग आणतात आणि मोठी पिन छोट्या पॉइंटला जोडतात. शेगडी चालू होते, एमसीबीही पडत नाही. मग बिघडलं काय? बिघडतं असं की, त्या लाइनवर बऱ्याचदा १० अँपिअरचा एमसीबी असतो. ८.७ ला तो पडणारच नाही. पण सॉकेट मात्र ६ चं आहे. आणि उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते: प्रवाह दीडपट, तर उष्णता सव्वादोनपट.

त्यातून सॉकेटमधली पिन सैल असेल तर? समजा त्या सैल जोडात अर्धा ओहम रोध आहे. ८.७ चा वर्ग गुणिले अर्धा, म्हणजे जवळपास ३८ वॅट उष्णता त्या एवढ्याशा जागेत! सोल्डरिंग आयर्न याहून कमी वॅटचंही मिळतं. आणि हे एमसीबीला कळत नाही, कारण प्रवाह वाढलेलाच नसतो. आरसीसीबीलाही कळत नाही. तो फक्त गळणारा प्रवाह ओळखतो. प्लास्टिक पिवळं पडणं, जळका वास येणं, प्लग गरम लागणं, ही लक्षणं आपणच ओळखायची.

इथे एक प्रश्न आलाय: "आमचा एमसीबी सारखा पडतो, मोठा बसवून घेऊ का?" नाही! एमसीबी हा भिंतीतल्या वायरचा राखणदार आहे. दीड चौरस मिलिमीटरच्या वायरवर ३२ अँपिअरचा एमसीबी बसवलात, तर आधी वायर तापेल आणि एमसीबी बघत बसेल.

मग करायचं काय? शेगडीसाठी बोर्डापासून वेगळी लाइन ओढून घ्या: तांब्याची, निदान अडीच चौरस मिलिमीटरची, अंतर लांब असेल तर चारची. तिला १६ चा पॉइंट आणि १६ चाच एमसीबी. त्याच लाइनवर गीझर नको. एक्स्टेन्शन बोर्ड तर नकोच. अर्थिंग खरंच जोडलंय ना, हे तपासून घ्या. ओव्हनची बॉडी लोखंडी असते, आणि जुन्या घरांत तिसरं भोक कधीकधी नुसतं नावालाच असतं. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी नसेल तर बसवा. वीजबिलावरचा मंजूर भारही एकदा बघा.

हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. आपलं काम एवढंच: स्वयंपाक झाला की बटण बंद करायचं, प्लग काढायचा आणि पिना सोडून त्याच्या प्लास्टिकला हात लावून बघायचा. चांगलाच गरम लागला, तर तो पॉइंट दुरुस्त होईपर्यंत वापरू नका.