औषधाची किल्ली शोधणारा संगणक

पुण्याच्या बोहरी आळीत हार्डवेअरचा धंदा करणाऱ्या आमच्या वाचकांना कुलूप आणि किल्लीचे नाते समजावून सांगायला नको. औषधाचे कामही बरेचसे तसेच चालते. रोगजंतूच्या किंवा आपल्या शरीरातल्या एखाद्या प्रथिनाला एक खाच असते. तिच्यात नेमका बसणारा रेणू मिळाला, की त्या प्रथिनाचे काम रोखता येते. जर्मन रसायनशास्त्रज्ञ एमिल फिशर यांनी १८९४ सालीच कुलूप-किल्लीची ही उपमा दिली होती.

अडचण आहे ती किल्ल्यांच्या संख्येची. रेणू लाखोंनी आहेत. प्रत्येक रेणू तयार करून तपासायचा, तर भांडवल आणि आयुष्य दोन्ही पुरणार नाही. म्हणून पहिली चाळण संगणकाने लावतात. प्रथिनाचा आकार क्ष-किरणांच्या मदतीने आधीच काढलेला असतो. संगणक एकेक रेणू त्या खाचेत निरनिराळ्या बाजूंनी बसवून पाहतो व गुण देतो. वर आलेले थोडेसे रेणूच प्रयोगशाळेत जातात.

या कामाची दोन्ही अंगे पुण्यात आहेत. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० पासून येथे आहे. १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅकने १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक बनवला. कोरोनाच्या काळात, २०२० साली, केंद्र सरकारने औषधशोधाची देशव्यापी स्पर्धा घेतली, तिलाही सी-डॅकचे सहकार्य होते.

लहान कामाला मात्र महासंगणक लागत नाही. ‘ऑटोडॉक’सारखी प्रणाली फुकट मिळते, हजारो प्रथिनांचे आकार सर्वांना खुले आहेत, आणि साधा संगणकही चालतो. आझम कॅम्पसच्या अल्लाना फार्मसी कॉलेजात किंवा अन्यत्र औषधनिर्माणशास्त्र शिकणाऱ्या आपल्या मुला-मुलींनी ही विद्या जरूर हस्तगत करावी.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. संगणकाचे गुण हा अंदाज आहे, पक्का सौदा नव्हे. खरे प्रथिन हलते, वाकते, भोवती पाणी असते. कागदावर पहिला आलेला रेणू परीक्षानळीत नापास होणे नेहमीचेच. त्यापुढे विषारीपणाची, प्राण्यांवरची आणि माणसांवरची चाचणी असतेच. तेव्हा ‘संगणकाने शोधलेले औषध’ म्हणून कोणी माल विकायला किंवा भागीदारी मागायला आला, तर आम्ही एवढेच सुचवू: चाचण्या कुठवर झाल्या, ते आधी विचारा. किल्ली कुलपात फिरवून पाहिल्याशिवाय आपण तरी पैसे कुठे मोजतो?